दिवसाची आखणी संध्याकाळपासून: घरून काम करणाऱ्यांसाठी दिनक्रम

घरून काम करणारा माणूस दिनक्रम लावायला बसला की सकाळी किती वाजता उठावे, या प्रश्नापासून सुरुवात करतो. काम किती वाजता थांबवावे हे मात्र तो ठरवत नाही, आणि माझ्या अनुभवाने सकाळचे सारे बेत तिथेच फसतात. गेली सहा वर्षे मी घरूनच काम करते आहे. त्यांतली पहिली दोन वर्षे मी गजराची वेळ मागेपुढे करण्यात घालवली, आणि दिनक्रम मार्गी लागला तो संध्याकाळची वेळ पक्की केल्यानंतरच. म्हणून पुढील मांडणीतही संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर येईल.

जॅक निल्स या अमेरिकी अभियंत्याने १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द वापरात आणला, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न वाहतुकीचा होता: रोज एवढ्या माणसांना कामाच्या जागी नेण्याऐवजी काम माणसांपर्यंत नेता येईल का? जाण्यायेण्याचा वेळ वाचणे हा घरून काम करण्याचा सर्वांत उघड लाभ आजही आहे. मात्र तो प्रवास वेळ घेत असतानाच आणखी एक काम बिनबोभाट करीत होता. घराबाहेर पडणे, रस्ता, कार्यालयाचा दरवाजा, आपली खुर्ची या क्रमाने मन कामाकडे वळत असे, आणि संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची माणसे उठू लागली, एकेक दिवा मालवला जाऊ लागला, की आपलाही दिवस संपल्याचे कोणी न सांगता कळत असे. घरी यांतले काहीच नसते. कार्यालयाने दिवसाला आरंभाची आणि शेवटाची अशा ज्या दोन कडा आयत्या घालून दिल्या होत्या, त्या घरी स्वतः घालाव्या लागतात, आणि मधल्या तासांची आखणी या कडांच्या आधारानेच उभी राहते.

आधी पाच दिवसांची नोंद

कोणताही बदल करण्यापूर्वी कामाचे पाच दिवस फक्त नोंद ठेवावी. त्यासाठी ॲपची गरज नाही. साधी वही पुरते, किंबहुना वहीच बरी, कारण नोंदीसाठी मोबाइल हातात घेतला की नोंद बाजूला राहते आणि दुसरेच काही सुरू होते. दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहावी: या वेळेत काय केले, आणि डोके कसे होते, म्हणजे ताजे, बरे की थकलेले. या पाच दिवसांत स्वतःला शिस्त लावण्याचा प्रयत्न मुद्दाम करू नये, नाहीतर नोंद खरी उतरत नाही.

पाच दिवस संपल्यावर वही शांतपणे वाचावी आणि तीन गोष्टी शोधाव्यात. डोके सर्वांत ताजे असते ते तास कोणते, त्या तासांत प्रत्यक्षात कोणते काम झाले, आणि आजचे काम संपले असे वाटण्याचा क्षण त्या दिवसात आला की नाही. माझ्या वहीत सलग चार दिवस साडेनऊ ते साडेअकरा या वेळेपुढे ‘ताजे’ असे लिहिलेले होते, आणि त्याच ओळींत कामाच्या जागी ‘मेल’, ‘मेल’, ‘ग्रुपवर उत्तरे’ असे. ज्या अहवालाची मला काळजी लागून राहिली होती, तो संध्याकाळी सहानंतरच्या ओळींत ‘थकलेले’ या शब्दाशेजारी सापडला. तो अहवाल रात्री नऊपर्यंत लांबत होता, याला कामाचा बोजा कारणीभूत आहे असे मी समजत होते. खरे कारण त्याला दिलेली वेळ हे होते, आणि ते त्या पानावर लिहिलेले दिसेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

काम थांबवण्याची वेळ

हाताशी जितका वेळ असेल तितके काम पसरत जाते, हे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात लिहिले ते नोकरशाहीविषयी होते. पण ज्याच्या कामाच्या टेबलाला कुलूप लागत नाही अशा माणसाला ते पदोपदी लागू पडते. सहाला थांबायचे आहे हे ठाऊक असलेला माणूस साडेचारला उरलेल्या कामांकडे पाहून कोणते आज व कोणते उद्या, याची निवड करतो. थांबण्याची वेळच नसेल, तर ही निवड करण्याची गरजच पडत नाही आणि सगळेच थोडे थोडे चालू राहते.

ही वेळ ठरवताना झोपेपासून उलटा हिशेब करावा. प्रौढ माणसाने नियमितपणे किमान ७ तास झोपावे, अशी झोपविज्ञानातील दोन अमेरिकी संस्थांची २०१५ मधील संयुक्त शिफारस आहे. सकाळी साडेसहाला उठायचे असेल, तर अकराच्या आत अंथरुणावर असले पाहिजे. झोपण्यापूर्वीचे निदान तीन तास कामाविना जावेत असे मी धरते. म्हणजे अगदी ताणले तरी रात्री आठच्या पुढे लॅपटॉप उघडा राहता कामा नये, आणि नेहमीचा दिवस सहा किंवा साडेसहाला संपावा. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील. मात्र जो आकडा येईल तो लिहून ठेवावा, घरातल्यांना सांगावा आणि सहकाऱ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये टाकावा, कारण फक्त मनात ठेवलेली वेळ पहिल्याच दिवशी मोडते.

या वेळेच्या आधीची १५ मिनिटे दिवस आवरण्यासाठी राखून ठेवावीत. मला विचाराल तर संपूर्ण दिनक्रमातील सर्वांत मोलाची मिनिटे हीच. अर्धवट राहिलेले काम रात्री डोक्यात घोळत राहते, याचा अनुभव सर्वांनाच आहे. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बॉमाइस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अपुऱ्या कामाची पुढची पायरी नेमकी ठरवून ठेवली, तर काम पूर्ण झालेले नसतानाही ते मनात डोकावणे कमी होते. रात्री मन मोकळे होण्यासाठी सगळी कामे हातावेगळी करावी लागत नाहीत, हा या निष्कर्षातला दिलासा आहे.

मी रोज वहीत तीन ओळी लिहिते: आज काय झाले, कुठे थांबले आणि उद्या पहिले काय. दुसरी आणि तिसरी ओळ जितकी बारकाईने लिहावी तितकी ती उपयोगी पडते. ‘अहवाल पूर्ण करणे’ असे लिहिले, तर उद्या सकाळी आपण पुन्हा त्याच डोंगरासमोर उभे असतो. त्याऐवजी ‘तक्ता ३ मधील मार्चपर्यंतचे आकडे मूळ फाइलशी ताडून झाले, १४ व्या ओळीतली बेरीज जुळत नाही, उद्या तिथून सुरुवात’ असे लिहिले, तर सकाळी विचार करण्याआधीच हात कामाला लागतो. वही मिटल्यावर सगळे टॅब बंद करावेत, लॅपटॉप झाकावा, चार्जर काढून गुंडाळून ठेवावा आणि दोन्ही वस्तू कपाटात किंवा खणात, नजरेआड ठेवाव्यात. मोबाइलवरची कामाची नोटिफिकेशन त्याच वेळी आपोआप बंद होतील अशी सेटिंग करून ठेवावी. मग दहा मिनिटे घराबाहेर चालून यावे. चार्जर गुंडाळण्याने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रात्री ‘एकच मेल बघू’ अशी ऊर्मी आली, की खण उघडून, वायर सोडवून, प्लग लावण्याइतका खटाटोप करावा लागतो, आणि तेवढ्यात ती ऊर्मी बहुतेक वेळा ओसरते.

ज्यांचे सहकारी दुसऱ्या देशांत आहेत आणि ज्यांना रात्रीच्या मीटिंग टळत नाहीत, त्यांनी दिवसाचे सरळ दोन भाग करावेत, प्रत्येक भागाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट द्यावा, आणि मधला मोकळा वेळ खरोखरच मोकळा ठेवावा. सकाळी नऊ ते रात्री दहा असा एकच सलग पट्टा आखून त्यात ‘अधूनमधून विश्रांती’ घेण्याचा बेत कोणी यशस्वी केलेला मी पाहिलेला नाही.

सकाळ

शेवट पक्का झाला की सकाळ बरीच सोपी होते. उठण्याची वेळ रोज एकच असावी, सुट्टीच्या दिवशीही तीत तासाभरापेक्षा अधिक फरक नसावा. शरीरातील घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या या घड्याळाची फेरी सरासरीने २४ तासांपेक्षा किंचित मोठी असते. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडू पाहते, आणि डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड ते पुन्हा जुळवून घेतो. कार्यालयात जाताना हा उजेड वाटेत आपसूक मिळत असे. घरून काम करणारा माणूस मात्र दुपारपर्यंत खोलीबाहेर पडत नाही, असे सहज होते. ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स प्रकाश असतो, तर दिवा लावलेल्या खोलीत तो बहुधा काहीशे लक्सपुरताच असतो. डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे बाहेर चालावे. हा चालण्याचा फेरा म्हणजे घरून काम करणाऱ्याचा कार्यालयापर्यंतचा प्रवासच आहे. तो संपला की थेट कामाच्या जागी बसावे.

कपड्यांविषयी बरीच चर्चा होते. झोपताना घातलेले कपडे बदलावेत आणि अचानक व्हिडिओ कॉल आला तरी संकोच वाटणार नाही असे काही घालावे, इतके पुरे.

बसल्यावर पहिल्यांदा काय उघडायचे, हे काल संध्याकाळच्या तिसऱ्या ओळीने ठरवून ठेवलेले असते. तीच फाइल उघडावी आणि मेल, ग्रुप, बातम्या यांतले काहीही त्याआधी उघडू नये. मेल उघडताच दुसऱ्यांच्या गरजा आपल्या यादीच्या वर जाऊन बसतात, आणि त्या रास्त असल्यामुळेच त्यांना बाजूला सारणे जड जाते. तातडीचे काही असेल अशी धास्ती वाटत असेल, तर ‘अतितातडीचे असल्यास फोन करावा’ असे सहकाऱ्यांना एकदाच सांगून ठेवावे. असे फोन फार थोडे येतात.

मधले तास

नोंदवहीत जे तास ‘ताजे’ दिसले, ते अवघड कामासाठी राखावेत, म्हणजे लेखन, हिशेब, कोड, आखणी किंवा ज्यात चूक झाल्यास निस्तरायला वेळ लागतो असे काहीही. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कमी प्रतीचे होते. मीटिंगच्या मधल्या वीस मिनिटांत ‘थोडेसे लिहून घेऊ’ असा विचार का फसतो, याचे उत्तर यात आहे. शक्य असेल तिथे मीटिंग दुपारनंतर एकापाठोपाठ ठेवाव्यात आणि सकाळचे दीड ते दोन तास सलग मोकळे राखावेत. मेलसाठीही दिवसातून तीन ठरावीक वेळा असाव्यात. माझ्या वेळा साडेअकरा, तीन आणि सव्वापाच अशा आहेत.

दीड तास सलग बसणे सुरुवातीला कठीण जाते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी फ्रान्चेस्को चिरिलो यांची १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेली ‘पोमोडोरो’ पद्धत वापरून पाहावी: २५ मिनिटे एकच काम, ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. काम सुरू करणेच अवघड वाटते अशा दिवशी ती फार उपयोगी पडते. मात्र काम रंगात आलेले असताना गजर झाला म्हणून उठण्याची सक्ती स्वतःवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादी बनवताना कामांना लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ती पूर्वीचा अनुभव गाठीशी असूनही होते. त्यावरचा माझा साधा उपाय असा, की आठ तासांच्या दिवसात पाच तासांचीच कामे लिहायची. उरलेले तीन तास अचानक आलेले फोन, लांबलेल्या मीटिंग आणि बंद पडलेले इंटरनेट घेऊन जातातच.

जेवणानंतरच्या एक-दोन तासांत येणारी सुस्ती ही केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळातच दुपारी असा एक उतार असतो. त्या वेळी अवघड काम घेऊन स्वतःशी झगडण्यापेक्षा फाइली लावणे, बिले भरणे, फोन करणे अशी कामे ठेवावीत. सोय असल्यास वीस मिनिटांपर्यंतची डुलकी घ्यावी; ती फार लांबली तर उठल्यावर डोके जड राहते. चहा-कॉफीवर दुपार निभावून नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की घेतलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात असते. दुपारी चारचा कप रात्री नऊलाही अर्धा शिल्लक असतो, म्हणून मी दोननंतर तो घेत नाही.

टेबल-खुर्चीबाबत थोडक्यात सांगायचे, तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, स्क्रीन हातभर अंतरावर आणि तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असावेत. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला तरी भागते. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आवश्यक असतो. सकाळ-संध्याकाळचे चालणे झपाट्याने केल्यास त्यातला मोठा वाटा तिथेच उरकतो.

घरातील माणसे आणि सहकारी

घरातले लोक व्यत्यय आणतात अशी तक्रार करण्यापूर्वी, आपण केव्हा मोकळे असतो हे त्यांना कधी नीट सांगितले आहे का, हे पाहावे. स्क्रीनसमोर बसलेला माणूस काम करतो आहे, वाट पाहतो आहे की नुसताच बसला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची असताना दर दहा मिनिटांनी दाराशी येऊन ‘आई, झालं का गं?’ असे विचारत असे, आणि मी दर वेळी ‘थोड्या वेळाने’ म्हणत असे. थोडा वेळ म्हणजे किती, हे तिला कसे कळणार? शेवटी आम्ही दोघींनी पुठ्ठ्याचे घड्याळ कापून त्याला फिरणारे काटे लावले आणि ते दारावर अडकवले. मी बसण्यापूर्वी काटे माझ्या उठण्याच्या वेळेवर फिरवून ठेवते. भिंतीवरचे खरे घड्याळ आणि दारावरचे घड्याळ सारखे दिसू लागले, की तिने दार उघडायचे. तिला वाट पाहता येऊ लागली, कारण वाट कधी संपणार हे तिला दिसू लागले. अर्थात त्या वेळी मी खरोखर उठले पाहिजे, ही यातली अट आहे. दोनदा ती मोडली, की ते घड्याळ नुसता पुठ्ठा होतो.

वेगळी खोली नसेल तर एक कोपरा, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले लहान टेबल आणि हेडफोन एवढ्यावर काम चालते. पलंगावर बसून मात्र काम करू नये, कारण त्याने काम आणि झोप दोन्ही बिघडतात.

वरिष्ठांना आपल्या वेळांची कल्पना लेखी द्यावी आणि ती विनंतीवजा पण स्पष्ट असावी. ‘सर, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत मी अहवालाच्या कामात असते, त्यामुळे मेसेजना उत्तर साडेअकरानंतर देईन. तातडीचे काही असल्यास कृपया फोन करावा. संध्याकाळी साडेसहानंतर आलेल्या मेलना दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर देईन. यात काही अडचण असल्यास कळवावे.’ अशा मजकुराला नकार क्वचितच येतो, कारण समोरच्यालाही आपण केव्हा सापडू हेच हवे असते.

अंगवळणी पडेपर्यंत

हे सगळे एकाच सोमवारी सुरू करू नये. पहिले दोन आठवडे फक्त संध्याकाळची पंधरा मिनिटे सांभाळावीत. ती जमली की सकाळचे चालणे व पहिली फाइल, आणि त्यानंतर मधले तास घ्यावेत. प्रत्येक नवी सवय आधीच घडत असलेल्या एखाद्या गोष्टीला बांधून ठेवावी. ‘रोज लवकर आवरीन’ या संकल्पापेक्षा ‘पावणेसहाचा गजर झाला की वही उघडीन’ हे वाक्य अधिक टिकते. ‘अमुक घडले की तमुक करीन’ अशा स्वरूपाचे संकल्प अधिक पाळले जातात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे.

सवय २१ दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते आणि बाविसाव्या दिवशी पुष्कळ जण निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी साधी कृती आपसूक होऊ लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आवरताना पाच मिनिटे जास्त घेऊन आठवड्याच्या तीन-तीन ओळी वाचाव्यात. एखादे काम तीनहून अधिक दिवस ‘उद्या पहिले काय’ या ओळीत राहिले असेल, तर ते फार मोठे लिहिले गेले आहे असे समजून त्याचे तुकडे करावेत, किंवा ते आपल्याला करायचेच नाही हे मान्य करून तसे संबंधितांना कळवावे. थांबण्याची ठरलेली वेळ दोनपेक्षा अधिक दिवस मोडली असेल, तर यादी कमी करावी. वेळ पुढे ढकलू नये.

कधी घरात आजारपण येते, कधी दिवसभर वीज नसते, कधी एकामागून एक मीटिंगमध्ये सकाळ निघून जाते. अशा दिवशी मधले तास सोडून द्यावेत आणि फक्त कडा राखाव्यात: सकाळी पाच मिनिटे का होईना बाहेर उजेडात जावे, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी वही उघडावी. पहिल्या ओळीत लिहिण्यासारखे काही घडले नसेल तर ती कोरी सोडावी, दुसरीत काम कुठे अडले आहे ते लिहावे, तिसरीत उद्याची पहिली फाइल लिहावी आणि लॅपटॉप नेहमीच्या खणात ठेवावा.